गोचीड कुत्रीच्या अंगावर नाही, तुमच्या भिंतीत राहते

वाचकाचं पत्र: आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात जुन्या लाकडी वाड्याच्या पहिल्या मजल्यावर राहतो. सोनी ही आमची देशी कुत्री, वय चार वर्षं, वजन १८ किलो. गेल्या उन्हाळ्यापासून तिला गोचिडींनी पछाडलंय. आधी इंजेक्शन घेतलं, मग पावडर टाकली, मग औषधाच्या पाण्याने आंघोळ घातली, शेवटी तीन महिन्यांची ती महागडी गोळीसुद्धा दिली. दर वेळी काही दिवस बरं, की पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात तिच्या नाकातून रक्त आलं. तपासणीत प्लेटलेट ६२ हजार निघाल्या, डॉक्टरांनी एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा ताप, सांगितला आणि २८ दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. आज सहावा दिवस. सोनी जिन्यावर उड्या मारतेय, पण गोळी घेतली की उलटी करते. मुलगा म्हणतो, बरी झाली, बंद करू. सासूबाई म्हणतात, पपईच्या पानांचा रस आणि शेळीचं दूध द्या. सासऱ्यांच्या मते सगळा दोष गल्लीतल्या गायींचा. घरात मनी नावाची मांजर आहे आणि सहा वर्षांची नात आहे. सोनीचं रेबीजचं इंजेक्शन याच महिन्यात आहे आणि गर्भाशयाचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. काय करावं?

ताई,

आधी गोळ्यांचं बोलू, कारण तिथे उशीर चालणार नाही. गोळ्या बंद करू नका. २८ म्हणजे २८.

सोनी सहाव्या दिवशी उड्या मारते ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, आजार संपल्याचं नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं की एक ते तीन दिवसांत ताप उतरतो आणि कुत्रं जेवायला लागतं. पण एर्लिकियाचा जंतू रक्तात मोकळा फिरत नसतो, तो पांढऱ्या पेशींच्या आत घर करून असतो. अर्धवट औषधाने तो दबतो, मरत नाही. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षंसुद्धा, कुत्रं वरून धडधाकट दिसतं आणि आत प्लेटलेट थोड्या कमीच राहतात. काही कुत्र्यांमध्ये पुढे हाडांतला मगज रक्त बनवणं सोडून देतो. तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट, तिन्ही पेशी खाली येतात. त्या टप्प्यावर आणलेलं कुत्रं वाचवणं फार अवघड असतं. हा आजार १९३५ साली अल्जीरियात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची शेकडो कुत्री त्याने गेली. त्यांत जर्मन शेफर्ड बहुसंख्य होते. ती जात आजही या तापात लवकर कोसळते, तेव्हा ज्यांच्या घरी शेफर्ड आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

आता उलटीचं. दर किलोला १० मिलिग्रॅम या हिशेबाने १८ किलोच्या सोनीला दिवसाला साधारण १८० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, एकूण ५६ गोळ्या. त्या एकदमच आणून ठेवा. मधेच पट्टी संपली, दुकान बंद होतं, म्हणून दोन दिवस चुकले, असं हमखास होतं. गोळी रिकाम्या पोटी गेली की मळमळ ठरलेलीच. आधी अर्धं जेवण घाला, मग गोळी, मग उरलेलं जेवण. त्यानंतर सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून ५-६ मिली पाणी हळूहळू सोडा. ही पाण्याची पायरी बरेच लोक गाळतात. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथलं अस्तर भाजतं, मग कुत्रं घास गिळताना ओरडतं आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. उलटीत गोळी अख्खी दिसली तर थोड्या वेळाने, पोटात अन्न असताना, पुन्हा द्या. दिसली नाही तर अंदाजाने दुसरी देऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. एवढं करूनही रोज उलटी होत असेल तर ते मळमळीचं औषध जोडून देतील. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन सोडायचं कारण नाही.

शेळीचं दूध वाईट नाही, वेळ वाईट आहे. दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि औषध पुरतं अंगात उतरत नाही. दूध, दही, पनीर, कॅल्शियम, लोहाचं टॉनिक, यांतलं काहीही गोळीच्या आधी-नंतर दोन तास नको. पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या आठवणीने सुचवला जातो, दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. डेंग्यूचा ताप बहुतेक माणसांत आपल्या मुदतीने उतरतो. एर्लिकिया मुदतीने उतरत नाही, त्याला प्रतिजैविकच लागतं. शिवाय तोंड उघडून जबरदस्तीने ओतलेला कडू रस श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाचं नवं दुखणं. सासूबाईंना सांगा, हाताने दहीभात भरवा, गोळीला दोन तास सोडून. त्यांची मायाही पोचेल.

ताप दिसला म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं दुखावतात, आणि आधीच कमी असलेल्या प्लेटलेटांचं कामही बिघडतं. मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेते. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. मनीच्या वाटीत सोनीचं काही पडणार नाही एवढं बघा.

६२ हजारांबद्दल थोडं. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. पण कुत्र्याच्या रक्तात त्या नळीतच एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, आणि यंत्र एका गुठळीला एक पेशी मोजतं किंवा मोजतच नाही. म्हणून नुसत्या यंत्राच्या आकड्यावर भिस्त नको, काचेवरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली कुणीतरी पाहिलेला हवा. नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर ते आधी विचारून घ्या. तिथलं यंत्र माणसाच्या पेशींच्या मापाला लावलेलं असतं. आता सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा मोजणी करा, मग २८व्या दिवशी, मग औषध थांबल्यावर महिन्याने. आकडा चढता हवा. आठवड्याभरात तो हललाच नाही तर निदान पुन्हा तपासावं लागतं, कारण याच गोचिडीबरोबर बॅबेसिया किंवा हिपॅटोझून हा दुसरा जंतूही येऊ शकतो आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. बॅबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट पडतात. हिपॅटोझून तर गोचीड चावल्याने नाही, कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. सोनी पायातली गोचीड दातांनी ओढून खात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि ती अर्ध्या तासात निकाल देणारी किट तपासणी बरं झाल्याची खात्री म्हणून पुन्हा करू नका. ती शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने रक्तात असतात. पट्टीवर रेघ उमटते, घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, कुत्रं मात्र ठणठणीत असतं.

घरी रोज एक गोष्ट पाहा. सोनीचा वरचा ओठ उचला, दाताच्या वर हिरडीवर अंगठा दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडीवर, पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर, कानाच्या आत टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके आहेत का बघा. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर घाला. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, माणसाच्या हिशेबाने ताप वाटेल पण तो नव्हे. १०४च्या वर गेलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, शौच डांबरासारखं काळं झालं, लघवीचा रंग बदलला किंवा नाकातून पुन्हा रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना. नाकातून रक्त येत असताना नाकपुडीत कापूस कोंबू नका, डोकंही मागे करू नका. तिला शांत बसवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ नाकाच्या वरच्या हाडावर धरा आणि निघा. प्लेटलेट वर येईपर्यंत उड्या, ओढाओढीचे खेळ आणि चावायला हाडं, सगळं बंद.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. एवढं करून गोचिडी परत का येतात?

त्या परत येत नाहीत, ताई. त्या गेल्याच नव्हत्या.

कुत्र्यावर येणारी ही तपकिरी गोचीड गवतात राहणाऱ्या इतर गोचिडींसारखी नाही, ती घरात संसार थाटते. गुजराती शेजारी हिलाच इतरडी म्हणतात. पोट भरलेली मादी तुम्ही पाहिली असेल: करडी-निळसर, टणक, हुबेहूब एरंडीच्या बीसारखी. ती कुत्र्यावर अंडी घालत नाही. रक्त पिऊन फुगली की गळून पडते, भिंत चढते, आणि एखाद्या फटीत चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. दोन-तीन आठवड्यांत अंड्यांतून खसखशीच्या दाण्याएवढी सहा पायांची पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात, गळतात, फटीत जाऊन कात टाकतात. मग आठ पायांची मधली अवस्था, तीही तसंच करते. मग प्रौढ. म्हणजे एका गोचिडीला आयुष्यात तीनदा कुत्र्यावर यावं लागतं आणि तीनदा भिंतीत जावं लागतं. उबदार हवेत हा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होतो. आयुष्याचा मोठा भाग भिंतीत, कुत्र्यावर जेमतेम काही दिवस. एका दिवशी सोनीच्या अंगावरून सहा फुगलेल्या माद्या गळल्या असतील तर वाड्यात २४ हजारांपर्यंत अंडी पडली असं समजा. आणि उपाशी प्रौढ गोचीड कुत्रा न मिळता वर्षभराहून जास्त तग धरते.

म्हणून एक रात्र टॉर्च घेऊन बसा. ही गोचीड वर चढणारी आहे, जमिनीवर शोधून सापडत नाही. तुळईची आणि भिंतीची सांध, दाराच्या चौकटीमागची फट, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू, स्विचबोर्डाच्या कडा, पडद्याचा वरचा शिवलेला पट्टा, सोनीच्या गोधडीची शिवण, जिन्याच्या लाकडी पायऱ्यांची खालची बाजू. चपट्या, चहाच्या रंगाच्या, तिळापेक्षा थोड्या मोठ्या दिसतील. कुठे भरड तपकिरी साबुदाणा चिकटल्यासारखा पुंजका दिसला तर ती अंडी.

यावरून तुमचे आधीचे उपाय का फसले ते लक्षात येईल. इंजेक्शन बहुधा आयव्हरमेक्टिनचं असावं. या गोचिडीवर त्याचा भरवसा नाही आणि कोलीसारख्या काही जातींना तर ते मेंदूवर जाऊन घातक ठरतं. देशी कुत्रीला धोका कमी, पण उपयोगही कमीच. पावडर अंगावरच्या मारते, दोन दिवसांत झटकून जाते. औषधाचं पाणी, म्हणजे १२.५ टक्क्यांचं अमिट्राझ १ लिटर पाण्यात २ मिली, हे त्या दिवशी अंगावर असलेल्या गोचिडींना लागू पडतं. भिंतीतल्यांना त्याचा पत्ताही नसतो. (पुन्हा कधी वापरलंत तर हातमोजे घाला, पाणी ताजं बनवा, अंग वाळेपर्यंत तिला चाटू देऊ नका, आणि कुत्र्याला मधुमेह असेल तर वापरूच नका, साखर चढते. ‘जास्त असर व्हावा’ म्हणून झाकणभर ओतणारे लोक सुस्त, थंड पडलेलं, नाडी मंदावलेलं कुत्रं घेऊन येतात.)

आणि ती महागडी गोळी. ती फसली नाही, तुम्ही लवकर थांबलात. बारा आठवडे टिकणारी फ्लुरालानरची गोळी कुत्र्याच्या रक्तात राहते. गोचीड चावली, रक्त प्यायली की मरते. म्हणजे त्या बारा आठवड्यांत सोनी म्हणजे घरातला चालता-फिरता सापळा असतो: भिंतीतून जी येईल ती मरेल, अंडी घालायला परत जाणार नाही. पण तेवढ्या काळात सगळ्याच भिंतीतून उतरत नाहीत. ८४वा दिवस उलटला, दुसरी गोळी गेली नाही, की उरलेल्या शंभरातून पुन्हा हजार होतात. आमच्या मते तुमच्यासारख्या वाड्यात सलग चार गोळ्या, म्हणजे जवळजवळ एक वर्ष, धरून चाला. महिन्याची गोळी परवडत असेल तर तीही चालेल, पण मग बारा महिने बारा तारखा पाळाव्या लागतात आणि तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं. १८ किलोला १० ते २० किलोच्या गटाची ५०० मिलिग्रॅमची गोळी लागते. जेवणाबरोबर द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोघातिघांत तोडून वाटायची पद्धत हल्ली फार दिसते. पैसे वाचतात खरे, पण कुणाच्या वाट्याला किती औषध आलं हे कुणीच सांगू शकत नाही. सोनीला कधी फिट आली असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसेल. घाबरू नका. ती चावल्यावरच मरते, त्याला काही तास, कधी दिवस लागतो. सुकलेली, पाय आखडलेली दिसली तर औषध काम करतंय. एक तोटा मात्र मान्य करायला हवा: एर्लिकियाचा जंतू चावल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतो. त्यामुळे गोळीने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. शून्याकडे जायचं तर भिंत रिकामी करावी लागते.

भिंतीचं काम असं. आधी फटी. तुळईच्या सांधी, चौकटी, पोपडे, जिथे नखाचं टोक जातं तिथे पुट्टी किंवा सिमेंट भरा. गणपती-दिवाळीच्या रंगकामात बरेच जण फटीवरूनच रंग फिरवतात, गोचिडींना आयतं छप्पर मिळतं. मग फवारणी: डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, शक्यतो पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडून, आणि छतापर्यंत. तो नेहमीच्या सवयीने झुरळांसारखी फक्त खालची कड मारून निघेल, त्याला तुळया दाखवा. अंडी फवारणीने मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने किमान तीनदा. पाणियाऱ्यावरचे माठ, धान्याचे डबे बाहेर काढा किंवा झाका. घरात माशांची पेटी असेल तर हवेचा पंप बंद करून ती काचेने झाका, ही औषधं माशांना फार विषारी. एकट्या पहिल्या मजल्यावर मारून काही साधणार नाही. वाड्याच्या तुळया सगळ्यांच्या सामाईक. तळमजल्याचा बोळ, जिना आणि अगाशी त्यात यायलाच हवी. शेजारी वर्गणी देत नसतील तर त्यांना हीच रात्रीची टॉर्च दाखवा. गॅसची ज्योत फटीत फिरवणारे लोक आहेत. लाकडी वाड्यात हा प्रयोग करू नका. गोधडी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात.

फवारणीच्या वेळी सोनी पूर्ण वाळेपर्यंत बाहेर, मनी दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर. या जातीची औषधं मांजरीला पचत नाहीत. त्यांतलं परमेथ्रिन सगळ्यांत वाईट: कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत ते भरपूर असतं, आणि तेच थेंब चुकून मांजरीला लावले किंवा ओल्या अंगाच्या कुत्र्याला तिने चाटलं तर तिला कंप सुटतो, झटके येतात, जीव जातो. तुमच्या घरात दोघी एकत्र झोपत असतील तर परमेथ्रिनचे थेंब आणूच नका. असं झालंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण, मग लगेच दवाखाना. फिनाइलचं पाणी आणि घासलेट दोघींपासून लांब ठेवा.

रोजची गोचीड काढताना बोटांनी चिरडू नका. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, गोचीड फुगीर पोटाला न धरता अगदी कातडीला टेकून धरा आणि सरळ, एकाच जोराने ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका. खिडकीतून फेकलेली गोचीड पुन्हा जिना चढते. तेल, हळद, चुना, पेटती काडी यांपैकी काही लावू नका. डिवचलेली गोचीड जखमेत उलट थुंकते. मागे राहिलेली गाठ म्हणजे बहुतेकदा नुसती सूज असते, आठवड्याभरात बसते. शोधायच्या जागा: बोटांच्या मधे, कानाच्या घडीत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी. बोटांच्या मधली सगळे विसरतात.

सासऱ्यांना सांगा, गल्लीतल्या गायी या खटल्यात निर्दोष आहेत. गायीची गोचीड वेगळी. ती पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत त्याच गायीवर राहते आणि कुत्र्यात फारशी रुची घेत नाही. सोनीच्या गोचिडी आल्या त्या ओट्यावर दुपारी झोपणाऱ्या कुत्र्यांकडून. त्यांना हाकलून उपयोग नाही, दुसरी येतील. गल्लीने मिळून त्यांना वजनाप्रमाणे गोळ्या घातल्या तर वाड्यावरचा भार निम्म्याने हलका होईल. त्यातलं एखादं आजारी दिसलं तर १९६२ या क्रमांकावर करुणा ॲम्ब्युलन्स येते.

नातीला सोनीपासून एर्लिकिया होणार नाही, जवळ घेतल्याने तर नाहीच. पण हीच गोचीड माणसालाही क्वचित चावते, कडक उन्हाळ्यात जरा जास्त, आणि तिच्यातून रिकेट्सिया या दुसऱ्या जंतूचा ताप येऊ शकतो. नातीच्या केसांत, कानामागे, कमरेच्या नाडीच्या जागी अधूनमधून नजर टाका. गोचीड चावल्याच्या पंधरा दिवसांत ताप आणि अंगावर पुरळ आलं तर बालरोगतज्ज्ञांना ‘गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगा. ते शब्द ऐकल्याशिवाय त्यांच्या मनात ते चटकन येणार नाही.

रेबीजचं इंजेक्शन थोडं पुढे ढकला. अंगात आजार असताना लसीला शरीर हवा तसा प्रतिसाद देत नाही. गोळ्या संपल्या, प्लेटलेट जागेवर आल्या, की मग. २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाच्या शिबिराची तारीख हुकली तरी हरकत नाही. मात्र मधल्या काळात सोनीला दुसरं कुत्रं चावलं तर थांबू नका: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा, प्लेटलेट काहीही असोत.

ऑपरेशन दिवाळीनंतर ठेवायला हरकत नाही, पण तारखेच्या आधीच्या आठवड्यात मोजणी करून घ्या आणि आकडा दोन लाखांच्या पुढे नसेल तर तारीख बदला. गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये मोठ्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात. शिवाय या आजारात प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही कामाला ढिल्या असू शकतात, म्हणून एर्लिकिया झाला होता हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वच्छ सांगा. फाइल दुसऱ्या दवाखान्यातली असेल तर कागद सोबत न्या: पहिला ६२ हजारांचा, सातव्या दिवसाचा आणि २८व्या दिवसाचा.